दार लावायचं पान

पनवेल, ता. १२ सप्टेंबर १९५४
कुसुमच्या बालवर्गासाठी सणांचं चित्रपुस्तक आज पुरं झालं. चित्रं तिची, कात्री-खळ माझी. प्रत्येक पानावर काहीतरी हलतं. दिवाळीला कागदी दार उघडलं की आत कंदील, ईदला पट्टी ओढली की चंद्र वर. शिवाय प्रत्येक सणावर मी एकेक अनुष्टुभ रचला होता. कुसुमने सगळे काढून टाकले. "दादा, पाच वर्षांची मुलं आहेत, काशीचे शास्त्री नव्हेत." हायस्कुलात इतकी वर्षं संस्कृत शिकवतोय. एवढं निर्भीड परीक्षण प्रथमच.

ता. १४
वर्गात जाऊन बसलो. विचुंब्याच्या गणूने नारळी पौर्णिमेची होडी ओढली ती पट्टीसकट हातात आली.
"बाई, होडी हालत नाय!"
समुद्र खवळलाय, मी म्हटलं.
"नाय. तुमी नीट चिकटवलीच नाय."
कोपऱ्यात रिबका. कचेरीतल्या बिन्यामिनची मुलगी. आई गेली तेव्हापासून वर्गात तोंड उघडत नाही, कुसुमचा पदर तेवढा धरून असते.

ता. १७
आज रिबकाच्या लोकांच्या, इथल्या ज्यूंच्या, सणाचं पान काढलं. दारफाळणीचा सण, दिवसभराच्या कडक उपासाचा. इतर पानांसारखंच मी बंद दार केलेलं, उघडलं की आत दिवा आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं. गणूने उघडलं. रिबका उठली, दार मिटलं, वर तळहात दाबून धरला. "त्या दिवशी उघडत नाहीत. लावतात."
वर्गाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कुसुम पाणी प्यायला बाहेर गेली. माठ सकाळपासून रिकामा होता.
संध्याकाळी पान सुधारलं. आता दार उघडं असतं, मुलांनी लावायचं.

ता. २५
बाजारात बिन्यामिन. "पंडितराव, निघालो आम्ही. दिवाळीनंतर बोट." इस्रायलात भाऊ आहे, तो बोलावतोय. मी विचारलं काय, तर तिकडे पाऊस किती पडतो!
घरी सांगितलं. कुसुम तांदूळ निवडत राहिली. मग सूप खाली ठेवून: "त्याला एकट्याला जाऊ दे म्हणावं. जम बसेपर्यंत रिबका राहील माझ्याकडे. तू विचार, दादा."
लग्नानंतर दोन वर्षांत पांढऱ्या कपाळाने परत आली ही. आजवर काही मागितलं नव्हतं.

ता. ३०
विचारलं नाही. त्याऐवजी मुंबईच्या दैनिकाला बाजारातल्या गटाराची बातमी धाडली. फावल्या वेळच्या वार्ताहराचं कर्तव्य वगैरे. छापणार नाहीत.

ता. ८ ऑक्टोबर
काल दसरा. "चांगला दिवस आहे, आज विचारूनच ये," कुसुम म्हणाली. आपट्याची पानं घेऊन बिन्यामिनकडे गेलो. कडी वाजवली. पुन्हा वाजवली. आतून रिबका, अगदी हळू:
"काका, आज लावायचं असतं ना. पुस्तकात आहे."
यंदा दसरा आणि दारफाळणी एकाच दिवशी. आणि ते पान मीच दोनदा चिकटवलेलं!
"बाई आल्यात?"
नाही, म्हटलं.
"मग उद्या या."
सोनं उंबऱ्यावर ठेवायलाही धजलो नाही.

ता. ९
विचारलं. बिन्यामिन आधी हसला. "उपाशी नाही ठेवणार तुम्ही, ठाऊक आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी तिची आई दिवा लावायची. तो कोण लावणार? तुमचं संस्कृत?" मग हसू गेलं. "तिकडे तरी कोण आहे म्हणा. मी दिवसभर कामावर. भावजय कशी, ती मी पाहिलेलीसुद्धा नाही." विचार करून सांगतो म्हणाला.
कुसुमला दिव्याचं सांगितलं. "मी लावीन. काय म्हणायचं असतं ते शिकव म्हणावं मला."
एकादशा न चुकवणारी माझी बहीण. देवघराकडे बघत म्हणाली, पण म्हणाली.

ता. १६
शुक्रवार काल झाला. कुसुम त्यांच्याकडे जाऊन आली. दिवा कसा लावतात पाहिलं, शब्द ऐकले. स्वयंपाक करताना पुटपुटत होती. उच्चार सुधारायची माझी जुनी खोड. पण यातलं मला काय कळतं?
रिबका दुरुस्त करते म्हणे तिला. फार हसते म्हणे.

ता. २९
दिवाळी संपली. बोटीची तारीख आली, बारा दिवसांनी. तिकिटं एक की दोन, बिन्यामिन सांगत नाही. "उद्या संध्याकाळी येतो, पंडितराव. बाईंनाही बसायला सांगा." नजर दिली नाही. यावरून काय ओळखायचं? न्यायशास्त्राचं एक सूत्र उपयोगी पडेल तर शपथ.
कुसुमने रिबकासाठी उबदार फलालिनचा फ्रॉक शिवलाय. पनवेलात फलालिन कधी लागलंय? खाली चार बोटं दुमड ठेवली आहे. "वाढतं अंग आहे, दादा." टाके कच्चे घातलेत, उसवायला सोपे जावेत म्हणून. कुणाला सोपे, तिला की तिकडच्या भावजयीला, ते मी विचारलं नाही.