तारीख नसलेला राजीनामा

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस, सिद्धेश्वरीचा सा. शरणार्थ.

फोनवर सगळं भाषण तुम्हीच करता, म्हणून पत्र. शिक्षक संघटनेचे तालुका सरचिटणीस म्हणून तुम्ही मंगळवेढ्यातून हुकूम सोडता आणि आम्ही अकराजणी इथं परवापासून संपाच्या मांडवात! बारा वर्षं चाळीस टक्के पगारावर मराठी शिकवतेय. पूर्ण अनुदान मिळालं तर ह्यांची यंत्रमागावरची जादा पाळी सुटेल. काल आमच्या शाळेच्या संस्थेचे सचिव येऊन म्हणाले, की बाई, संप लई महागात पडतो. मला भीती वाटते. वहिनींना शरणार्थ.

तुमची लाडकी,
सिद्धा

मंगळवेढा
११ फेब्रुवारी

चि. सिद्धास अनेक आशीर्वाद.

जिंकलो! मुंबईची बोलणी यशस्वी. तुमच्या शाळांना पूर्ण पगार आणि संपकऱ्यांवर कसलीही कारवाई नाही. हे कलम मी भांडून घालून घेतलं. घाबरट कुठली! आता अण्णाला पेढे पाठव. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
प्रभुलिंग

सोलापूर
१५ फेब्रुवारी

ती. अण्णांस शरणार्थ.

हजेरीपटावर माझं नाव नाही. मी ३१ जानेवारीलाच, संपाच्या आदल्या दिवशी, राजीनामा दिलाय म्हणे. दाखवला. अक्षर माझं, सही माझी. नेमणुकीच्या दिवशी लिहून घेतलेला तोच कागद, अण्णा. तेव्हा तुम्हीच म्हणालात, की सगळेच देतात, तारीख नाही ना, मग करून टाक सही. तारीख त्यांनी आता घातली. चाळीस टक्क्यांत ही जागा कुणाला नको होती. पूर्ण पगाराची झाली तशी सचिवांच्या सुनेला दिली. तुमचं ते कलम लावा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

सिद्धेश्वरी

मंगळवेढा
२४ फेब्रुवारी

चि. सिद्धास आशीर्वाद.

कलम संपकऱ्यांसाठी आहे आणि कागदोपत्री तू संपात नव्हतीस, असं आमच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणतात. न्यायाधिकरणात जाता येईल, पण वर्षं जातील. तुझ्यासाठी करार पुन्हा उघडायचा का, यावर बैठकीत हात वर करायला सांगितले. उघडला तर चार हजार जणांचा पगार लटकेल, असं सगळे म्हणाले. एकही हात वर गेला नाही. सिद्धा, माझाही नाही. येऊन तुझे पाय धरावेत असं वाटतं. तोंड दाखवायची लाज वाटते.

प्रभुलिंग

सोलापूर
४ मार्च

ती. अण्णांस शरणार्थ.

येऊ नका. आलात तर मी रडेन आणि ह्यांना उगीच कळेल, की तुम्ही गप्प बसलात. त्यांना मी सांगितलेलं नाही.

काल सचिवांनी बोलावलं. सूनबाईंना नववी-दहावीचं मराठी झेपत नाही, तेवढे तास तुमी घ्या की, म्हणाले. तासिका तत्त्वावर, सुट्टी पडली की पैसे नाहीत. मी हो म्हणून आले. त्या पूर्ण पगार घेऊन शिक्षकखोलीत बसतील आणि मी त्यांच्या वर्गावर जाईन.

तासिकेवाल्यांना तुमच्या संघटनेत सभासद करून घेत नाहीत, हे विचारून आले. तेव्हा माझी काळजी आता तुमच्या गळ्यात नाही. बहीण म्हणून आठवण ठेवा.

सिद्धेश्वरी