निळी चौकट

बाबा, घर विकलं. खरेदीखत गेल्या आठवड्यात झालं, तुम्ही जन्मभर कारकुनी केलीत त्याच रजिस्ट्री कचेरीत. चिपळूणहून मालगुंडला येऊन घर बघणं मला झेपत नव्हतं. हे कारण खरं आहे. पुढचं सांगायला तोंड नाही.

सरकारने गावोगावच्या जमिनीचे भाव ठरवून तक्ता कचेरीत लावला, ती संध्याकाळ आठवते. तुम्ही चुलीपुढे बसलाय, भाकरी हातात तशीच, आणि आईला सांगताय, "अगो, आपली बौद्धवाडी नि वरची वाडी, भाव एकच लिवलाय." आई भाकरी उलटते. "तक्त्यात आसंल. वर पाणी मागितलं तर आजून वरनंच ओततात." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ओतूं देत. पण आपली माती हलकी, असं आता सरकारी कागदावर कुणाला लिवता यायचं नाही." आणि रविवारी दाराची चौकट निळी केलीत, पार रस्त्यावरून दिसेल अशी. रंगाचा डबा मी धरला होता.

गिऱ्हाईक पुण्याचं. एजंट आधी येऊन गेला, चौकटीकडे बघत म्हणाला, "काका, भाव पाहिजे ना? मग ही तपकिरी करून घ्या. वाडी कुठली ते कशाला सांगत बसायचं?" त्याला हाकलायला हवं होतं. मी रंग आणायला गेलो. गिऱ्हाइकाला कळायचं ते कळलंच, शेजारच्या विहारात वंदना चालू होती. त्यानं लगेच भाव पाडला, सरकारी भावाच्याही खाली. आणि मी लाचारासारखा हो म्हणून बसलो. कचेरीत तुमच्या टेबलावर आता एक मुलगी बसते. आकडा बघून ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "कमी लिहिलंत तरी स्टॅम्प सरकारी भावानंच भरायचा. वर फरकाचा टॅक्स दोघांच्याही मागे लागेल." त्यानं आपला आकडा खोडला आणि तक्त्यातला भाव मान्य केला. भाव तुमच्या तक्त्यानं राखला, बाबा. माझ्या रंगानं काहीच राखलं नाही.

हे पाठवायचं कुठे, ठाऊक नाही. घडी करून ठेवतो. चौकट रंगवताना माझी बोटं थरथरली, असं मघाशी लिहिलं होतं. ते खोडलं. नाही थरथरली. एकदा रंग मारून निळा खालून दिसत होता, म्हणून वाळू दिला आणि पुन्हा एकदा मारला.