वाटीभर सोड्याचा अंक

प्रिय संपादक महाशय,

फोन बंद करून लेकीकडे बदलापुरात रुसून बसलात, म्हणून लग्नाच्या बायकोला पत्र लिहायची वेळ आली. सई सांगत होती, बाबा दिवसभर पंख्याकडे बघत बसतात आणि ‘खटपट’ बंद म्हणजे बंद, एवढंच म्हणतात. पंखासुद्धा कंटाळला असेल.

अहो, एका वाटीभर सोड्यानं असं काय आभाळ कोसळलं? आपला नियमच होता, आधी माझ्या स्वयंपाकघरात प्रयोग, मग छपाई. अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ‘खटपट’ हे विज्ञानाचं मासिक सुरू केलंत, तेव्हापासून माझ्या किती पातेल्यांनी त्यापायी देह ठेवला. टीव्हीच्या अँटेनावर अंक काढलात, मग कॉम्प्युटरवर, मग मोबाइलवर. दर वेळी लोक म्हणाले, आता कोण वाचणार, आणि दर वेळी उल्हासनगरच्या मिक्सरवाल्यांनी जाहिराती देऊन तारलं. या खेपेला मी भाचीच्या लग्नाला गेले आणि तुम्ही सोडा-लिंबाच्या रॉकेटचा प्रयोग डोक्यातल्या डोक्यात उरकलात. सोडा लागतो चमचाभर, तुम्ही छापलात वाटीभर. शिवमंदिराजवळच्या बनूबाईंच्या छताला अजून लिंबाच्या बिया चिकटल्यात. त्या भांडायला आल्या, चहा पिऊन बसल्या, आणि जाताना ते रॉकेट खरं किती उंच जायला हवं होतं, हे विचारून गेल्या.

शहाडच्या शाळेतल्या सोनियाबाईंनी तर मुलांनाच चूक शोधायला लावली आणि अंकाच्या आणखी प्रती मागवल्या. शिव्या देणारेही भरपूर आहेत, खोटं कशाला सांगू. पण शिव्या द्यायला तरी त्यांनी वाचलंच की.

मला राग आला तो सोड्याचा नाही. मला न विचारता मासिक बंद केलंत, त्याचा आला. पातेली माझी जळली, प्रुफं मी तपासली, पाकिटांवर पत्ते मी घातले, आणि अंकावर माझं नाव एकदाही आलं नाही. तुमच्या ते लक्षात आलं नाही, मीही कधी बोलले नाही. पण वाईट वाटायचं हो.

तर बातमी अशी, की पुढचा अंक मी छापायला दिलाय. पहिल्याच पानावर चूक कबूल केली आहे आणि संपादक म्हणून माझं नाव टाकलंय. म्हणजे बंद करायचं असेल तर आता मला विचारावं लागेल. अडचण एवढीच, की मी खुर्चीत बसल्यावर प्रयोग करून बघायला स्वयंपाकघरात माणूसच उरला नाही. ती जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. पगार नाही, भांडी स्वतः घासायची. पत्र मिळालं की निघा. घर फार गप्प झालंय, मला तुमच्याशिवाय करमत नाही.

तुमचीच,
गोदू