श्रावणातले अर्ज

खामगाव
२७ जुलै २०२५

प्रिय राखी,

तुझा पत्ता तुझ्या वहिनींनी दिला. डोणगावात तू शिवणाचा वर्ग चालवतेस, वीस मुली येतात, असं त्या सांगत होत्या. ऐकून बरं वाटलं, आणि पुरतं बरं वाटलंही नाही. इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळे ठीक. माझी लेक अपेक्षा बारावीला गेली. जुन्या फोटोत वजनकाट्याशेजारी माझ्यासोबत उभी असलेली ही कोण, असं तिनं परवा विचारलं. मी म्हटलं, मैत्रीण.

परवाच श्रावण लागला. म्हणून लिहिते आहे.

वरवट बकालचं आपलं सर्वेक्षण तू विसरली नसशील. मांस-अंडी न खाताही मुलांचं पोषण नीट होतं का, हे पाहायचं होतं. खर्च सोयावड्यांच्या कारखान्याचा, गाडी त्यांची, आणि माहिती देणाऱ्या प्रत्येक घराला पुडाही त्यांचाच. 'महिन्यातून किती वेळा मटण शिजतं' हा प्रश्न सर्वेक्षणप्रमुख इंगळे सरांनी माहितीच्या अर्जातून काढला. 'काल काय खाल्लं' एवढाच ठेवला. आणि आपण तो विचारत फिरलो भर श्रावणात.

गावातल्या शालूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "बाई, सावनात काय इचारता? सावन सरला का, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीले या, मंग सांगतो काय खाल्लं ते."

परतताना गाडीत तू म्हणालीस, "रूपे, आता एकादशीले इचारू. गाव भाकरबी खात नाही असं निंगन."

मी हसले होते. तू मात्र दुसऱ्या दिवशी सरांना सरळ सांगितलंस, की बाकी अकरा महिने ही मुलं अंडी खातात, रस्सा पितात. तपासणीत चांगलं निघालेलं रक्त त्यामुळेही असेल, आणि आपण सगळं श्रेय सोयावडीला देतोय. पंधरा दिवसांत तुझं नाव शोधनिबंधातून गेलं. माझं राहिलं. नव्वद टक्के घरं शाकाहारी आणि मुलं सुदृढ, असं छापून आलं. कारखान्याचं नाव त्यात कुठेच नाही. त्या निबंधावर मी आज कॉलेजात विभागप्रमुख आहे.

गेल्या महिन्यात विद्यार्थिनींना घेऊन पुन्हा त्याच गावी गेले. शालूबाईंची सहा वर्षांची नात छकुली, तिचं हिमोग्लोबिन सात निघालं. ओठ पांढरे. घरात अंडी देता का विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे बोट केलं. कारखान्यानं वाटलेलं भित्तिपत्रक, खाली माझा फोटो आणि सही.

"तुमीच सांगतलं ना बाई, अंड्यायची गरज नाही म्हून. मंग काऊन पाळू कोंबड्या? इकून टाकल्या."

रक्त कमी व्हायला दहा कारणं असतात, हे तुला मी काय सांगू. छकुलीचं आजारपण मी त्या कागदावर ढकलत नाही. तिला गोळ्या सुरू केल्यात. पण त्या कोंबड्या माझ्या सहीनं गेल्या, एवढं खरं.

ही गोष्ट प्राचार्यांना सांगितली, तर त्यांनी आठवड्यात अंड्यांच्या व्यापाऱ्यांचा माणूस समोर आणून बसवला. नवा अभ्यास करा म्हणे, पैसा आम्ही देतो, जुना खोडून निघेल. मी विचारलं, "आणि अंड्यानं काही फरक पडत नाही असं निघालं तर छापाल?" त्यानं कराराचा कागद पुढे सरकवला. मी उठले.

इतकं लिहिलं, तरी जे लिहायला बसले ते अजून कागदावर आलेलं नाही.

तुझं नाव का गेलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. सरांनी मला बोलावून विचारलं होतं, राखीचं म्हणणं कितपत घ्यायचं. मी म्हणाले, "सर, तिच्या घरी खातात. म्हणून ती तसं बोलते." तू पक्षपाती ठरलीस, माझ्या एका वाक्यानं. त्या वेळी माझ्या पिशवीत कारखान्याचे चार पुडे होते. आणि त्याच वर्षी करीला आमच्या घरामागच्या चुलीवर मटणाचं पातेलं चढलं होतं. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

सोबत एका पत्राची प्रत आहे. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मूळ पत्र उद्या रजिस्टर्ड पोस्टानं जाईल. पैसा कोणाचा होता, कोणता प्रश्न गाळला, महिना कोणता होता आणि आक्षेप कोणी घेतला होता, सगळं लिहिलं आहे. तुझ्याबद्दल मी काय बोलले, तेही. प्राचार्य म्हणाले, पद जाईल. जाऊ दे. मांस चांगलं की वाईट, हे मला आजही ठाऊक नाही. आपण ते नीट विचारलंच नव्हतं. आता विचारणार आहे, वर्षाचे बारा महिने, माझ्या पगारातून, वीसच घरांत का होईना. शालूबाईंचं घर पहिलं.

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. पण करीला आलीस तर आई ओळखेल तुला. यंदा चूल पुढच्या अंगणात मांडणार आहे.

अकरा वर्षं उशिरा खरं बोलणारी,
रूपाली