शेंदूर खरवडण्याच्या अटीवर

मी सत्यवती, बेवा बाबाराव वैरागडे, उमर सेहेचाळीस, राहणार इतवारी, नागपूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी दाब घातलेला नाही, आणि मला कसलीही लहर आलेली नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं.

यजमान कॉलेजात विज्ञान शिकवीत. कन्हान नदीपलीकडचं वावर माझ्या माहेरच्या सोन्यातून माझ्या नावे घेतलेलं आहे. दीर रुपरावचा त्यावर हक्क नाही. मागला भूकंप त्याच वावराखालच्या खडकात फुटला. यजमानांनी दोन टोकांना दोन दगडी खांब पुरले, वर सुईची यंत्रं बसवली. एकीकडे सुरुंगाच्या दारूचा बार उडवायचा आणि जमिनीतली लहर दुसरीकडे किती वेगानं पोचते ते मोजायचं. मी विचारलं, मुंबईच्या वेधशाळेतल्या यंत्रावर नाही का कळत? म्हणाले, "वाटेत शंभर जातीचे खडक. पाण्याची चव विहिरीवरच घ्यावी वं, घागर गावभर फिरवून नाही."

रुपराव भर पंगतीत ओरडला, "दादाले रोज लहर येते, आता तो मोजूनही राहिला!" सगळे हसले. यजमान ताटावरून उठले. मी ते विसरले नाही, विसरणारही नाही.

यजमान गेले. तेरवीच्या आतच या रुपरावनं खांबांना शेंदूर फासला, धरणीमायचं ठाणं म्हणून. बाया भीतीनं येतात, हा खांबावर नारळ आपटतो आणि अर्धा घरी नेतो. नणंदेची मुलगी अरुंधती विज्ञान शिकते, यंत्रं तीच पाहते. ती म्हणाली, "मामी, सुई भूकंपानं नाही, लहान मामाच्या नारळानं उडून राहिली."

मी तोंडावर विचारलं, "काहून गा, ज्याले लहरी म्हटलं त्याच्याच दगडावर पोट भरतं?"

"देवाले हात लावू नको वैनी, पाप लागीन."

तर वावर, खांब, यंत्रं अरुंधतीला. लग्नानंतरही तिचीच, सासरच्यांनी तिथं तूर पेरू नये.

पितळी परात जाऊ प्रेमिलाला. पंगतीत ती सगळ्यात मोठ्यानं हसली, पण माझ्या तापात पेज तिनंच आणली.

इतवारीचं घर यजमानांनी मला लिहून दिलेलं आहे. ते रुपरावला मिळेल, पण आधी त्यानं गावासमोर दोन्ही खांबांचा शेंदूर स्वतःच्या हातानं खरवडावा आणि म्हणावं, "हा देव नाही, माझ्या दादाचं यंत्र आहे." माझ्या तेरवीपर्यंत हे केलं नाही तर घरही अरुंधतीला. नोकराकडून खरवडलेलं चालणार नाही.

तो म्हणेल, वैनीले लहर आली. म्हणू द्या. दगड मोकळा झाला की तीही मोजता येईल.

साक्षीदार मनोहरराव वाचून म्हणाले, "वैनी, थोडं नरम लिहा." मी म्हटलं, सही करा.

सही: सत्यवती वैरागडे, स्वहस्ते
साक्ष: मनोहरराव पोहनकर, शेजारी
साक्ष: देवकी पोहनकर
नागपूर, ता. ११ डिसेंबर १९४१