थोडं विमानाने, बाकीचं जहाजाने

आई, सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बघू. समोरच्या भाभीजी! पाहुण्यांची गाडी अजून आमच्या अलीगंजात शिरलीही नव्हती आणि ह्या नवी साडी नेसून माझ्या दारात. "अम्माजी, ज़रा जामन दे दीजिए, दही जमाना है." विरजण मागायला कोणी लिपस्टिक लावून येतं का गं? मी म्हटलं, बसा, माझ्या नातीकडे विलायतेहून बायका येताहेत, बघूनच जा. तोवर त्या सोफ्यावर टेकल्यासुद्धा होत्या.

तुला नातीचं सांगायचंच राहिलं. तू गेलीस तेव्हा तिचा बाप शाळेत होता. आता ही पोरगी कंपनी चालवते, आपल्याच वरच्या दोन खोल्यांत. इथल्या बायका पांढऱ्या दोऱ्याने नाजूक टाके घालतात, त्याला चिकन म्हणतात, त्याचे कुर्ते ती परदेशी धाडते. विलायतेत एक बाई, मूळची इकडचीच, नवं दुकान उघडत होती, तिने भरपूर माल मागवला. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. नात म्हणाली, "ये बिगड़ गया ना आजी, तो कंपनी बंद. मैं बेंगलुरु जाकर नौकरी करूँगी." मराठी सगळं समजतं तिला, पण बोलते हिंदीतच. मी वरवर म्हटलं, जा की. पण ती गेली की मी एकटीच. तिचे आईबाप बदलीच्या गावी, घरात आम्ही दोघीच.

आणि नेमका पाऊस लागून राहिला. कुर्त्यावर आधी निळे छापे मारतात, त्यावर टाके घालतात, मग गोमतीवरचा धोबी ती निळाई धुऊन काढतो. धुतलं, पण वाळेना. घरभर दोऱ्या, मी कुर्त्यांखालून वाकून वाकून स्वयंपाकघरात जायची. ओलसर माल जहाजाच्या बंद डब्यात घातला तर वाटेतच कुबट वास धरणार. वाळायची वाट पाहावी तर दुकान उघडून जाईल तरी जहाज पाण्यातच. सगळं विमानाने धाडावं तर वेळेत पोचेल, पण कमाई सगळी भाड्यात जाईल. नात नुसत्या येरझारा घालत होती. मी आपली एकच धरून बसले, जहाजाचं काही खरं नाही, विमानानेच पाठव. तुझे जावई जन्मभर हवाईदलात विमानं दुरुस्त करत होते, आमच्या घरात विमानाएवढा भरवसा देवावर पण नाही. नात वैतागली, "आजी, दादाजी के हवाई जहाज़ में हमें किराया नहीं देना पड़ता था!" मी फणकाऱ्याने बाहेर गेले आणि सब्जीवाल्या भैयाशी कोथिंबिरीवरून उगाच भांडून आले.

परत येते तर ती फोनवर त्या दुकानवालीला विचारत होती, "पहले दिन टाँगने के लिए कितना चाहिए? सारा एक साथ तो नहीं बिकेगा ना?" मग खाली बसून जे थोडे कुर्ते वाळले होते त्यांतून तिने निवडले, प्रत्येक रंगाचे, प्रत्येक मापाचे थोडे थोडे, आणि एक लहान खोका बांधला. हा विमानाने. बाकीचे सावकाश खडखडीत वाळवायचे, कानपूरहून मालगाडीने बंदरावर आणि तिथून जहाजाने. पहिले विकले जाईतो मागचे पोचतील.

त्या खोक्याकडे बघत मी उभीच राहिले, आई. मी नवी नवरी, हवाईदलाच्या क्वार्टरात. आपल्याकडचा एक जवान रजेवरून परततो, त्याच्या हातात तुझी कापडी पिशवी. उघडते तर मूठभर मुगवड्या, मूठभर कुरडया, पुडीत एवढंसं तिखट. मी रडते. आईने हात आखडला म्हणते. मग ती पिशवी संपत येते आणि रेल्वेच्या मालातून पत्र्याचा डबा येतो, तेच सगळं, काठोकाठ. माहेरी आल्यावर मी तुला बोलून दाखवलं, तर चुलीवरची नजर न काढता फटकारलंस, "डबा येईपर्यंत काय उपाशी बसली असतीस? तोंडाची चव माणसाच्या हाती दिली, पोटाचं मागून धाडलं." हे मी नातीला कधीच सांगितलं नव्हतं गं. तिचं तिलाच सुचलं. मी तर उलटंच शिकवत होते.

तर काल ती दुकानवाली आली, सासूला घेऊन. लहान खोका दुकान उघडायच्या आधी पोचला, तो विकला जातोय तोवर जहाजही लागलं. सासू म्हणाली, "हमने तो डिब्बा खोलते ही सूँघा. धूप की ख़ुशबू आई." उन्हाचा वास गं! माझ्या सांडग्यांची भाजी दोनदा मागून घेतली तिने. आणि जाता जाता पुढचं काम देऊन गेल्या, असंच पाठवा म्हणाल्या, थोडं आधी, बाकीचं मागून. नात स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यातच पडली, "आजी, बेंगलुरु कैंसिल!" बाहेरून भाभीजी ओरडल्या, "हमने तो पहले ही कहा था!" त्यांनी काही म्हणजे काही म्हटलं नव्हतं. पण मी त्यांना विरजणासोबत वाटीभर भाजीही दिली.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीये, सांडग्यांच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र तुलाच सांगते, नातीला बोलू नकोस. जहाजाला एवढी नावं ठेवली, पण समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

पाहुण्या मंगळवारी परत येणार आहेत, सांडगे कसे घालतात ते बघायला. मंगळवारी भाभीजींचा उपास असतो. तरी आधी त्याच येतील.