तण काढलं? होय

प्रिय धाकट्या,

आमच्या गल्लीमागच्या तळ्याला तुमच्या कार्यालयाच्या तपासणीत शंभरपैकी शंभर गुण पडले. अभिनंदनाचा फोन करशील म्हणून आधीच लिहिते, करू नकोस. शी! मला माझीच किळस आलीय.

तीन वर्षं आम्ही पाच बायकांनी त्या घाणीतून चपला, बाटल्या, मोडक्या खुर्च्या उपसल्या. तुमच्याकडून अनुदानाचा पहिला हप्ता मिळाला तेव्हा काठाला लव्हाळं लावलं. पाणी निवळलं, बेडूक आले आणि यंदा लव्हाळ्यात पाणकोंबडीने घरटं केलं. तुला आठवतं, लहानपणी तू घरट्यातलं अंडं उचललंस म्हणून मी तुझा कान पिरगाळला होता? दोन दिवस फुगून बसला होतास.

मग तपासणीचा तक्ता आला. वर ठळक अक्षरांत 'पाणपक्ष्यांचा अधिवास' आणि खाली रकाना: काठावरचं तण काढलं का? होय किंवा नाही. लव्हाळं म्हणजे तण नव्हे, हे सांगायला मी तुमच्या कार्यालयात तीनदा खेटे घातले. वशिला लावला म्हणतील म्हणून तुझं नाव काढलं नाही. कारकून मान वर न करता म्हणाला, फोटोत काठ स्वच्छ दिसला पाहिजे, बाई. आमच्या पाचजणींतली शिंपीण घाबरली. पुढचा हप्ता अडकला तर तळ्यात येणारं गटार वळवायचं राहील, सगळी मेहनत मातीत. खरं सांगू? मीही घाबरले.

तपासणीच्या आदल्या दिवशी विळा मीच नेला. घरट्याभोवतीचं सोडायचं ठरलं होतं, पण तो एकटा झुपका फोटोत डोळ्यांत खुपायला लागला. तोही कापला. आत सहा अंडी होती.

साहेब आले, चकाचक काठ बघून खूश झाले, 'होय'वर खूण करून गेले. पाणकोंबडी अजून रोज येते, उघड्या काठावर इकडून तिकडे फिरते. मला बघवत नाही रे.

तो तक्ता तू बनवलायस. खाली तुझी सही बघून मी अख्ख्या गल्लीत मिरवलं होतं, माझ्या धाकट्याचं काम म्हणून. एकदाही तळ्यावर न फिरकता, बसल्या जागी बनवलास! संताप येतो तुझा. पण विळा माझ्या हातात होता. म्हणून आज मी लेखी दिलंय की आमचे गुण खोटे आहेत, अधिवास आम्हीच मोडला, आणि रकाना बदलेपर्यंत पुढचा हप्ता आम्हाला नको. उद्या तो कागद तुझ्या टेबलावर येईल. वरिष्ठांनी विचारलं तर सांग, ही माझी सख्खी बहीण. लाज वाटली तर नको सांगूस. या वेळी तुझा कान पिरगाळायला माझाच हात धजत नाही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई